पासवर्ड शेतकऱ्याचा, राखण मात्र संस्थेची



या पानावर एरवी खत, बियाणे, पाणी आणि बाजारभाव यांची चर्चा होते, आणि ती तशीच व्हायला हवी. आज मात्र जरा वेगळा विषय घेतो आहे. वरवर पाहता तो शहरातल्या कंपन्यांचा वाटेल, पण त्याची झळ लागली तर ती थेट आपल्या कर्जखात्याला आणि उताऱ्याला लागणार आहे. विषय आहे पासवर्डचा. त्यातही तुम्ही-आम्ही पासवर्ड कसा ठेवतो हा मुद्दा नाही. ज्या संस्थेला आपण तो देतो, ती संस्था तो कसा ठेवते, हा मुद्दा आहे.

गेल्या काही वर्षांत गावचा बहुतेक कारभार वहीतून संगणकात गेला. सातबारा संगणकात, पीकपाहणी मोबाईलवर, योजनांचे अर्ज संकेतस्थळावर. केंद्र सरकारने २०२२ साली देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या राज्यात २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला. हे सारे चांगलेच आहे. खेपा वाचल्या, नकलेसाठीची रांग गेली. पण पूर्वी दप्तर कपाटात असे आणि कपाटाची किल्ली सचिवाच्या करगोट्याला. आता दप्तर संगणकात आहे आणि किल्ली म्हणजे पासवर्ड.

त्याबाबत शिबिरांमधून आम्ही मंडळी एकच सल्ला देत आलो: पासवर्ड अवघड ठेवा, कुणाला सांगू नका, भिंतीवर चिकटवू नका. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. शेतकऱ्याने पोत्याला कितीही घट्ट टाके घातले, पण गोदामाचे पत्रेच गळके असले तर माल भिजणारच. भिजल्यावर वर "तुझेच टाके सैल होते" असे शेतकऱ्याला कुणी ऐकवणार असेल, तर ते ऐकून घेता कामा नये. पासवर्ड जपण्याची निम्म्याहून अधिक जबाबदारी तो साठवणाऱ्या संस्थेची आणि तिला यंत्रणा पुरवणाऱ्याची आहे, हे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजायला थोडे आत शिरावे लागेल.

दळण आणि पीठ

कोणतीही शहाणी संस्था तुमचा पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवत नाही. ती तो दळते. गणिताची एक गिरणी असते, तिला 'हॅश' म्हणतात. तिच्यात पासवर्ड टाकला की अक्षरे आणि आकडे यांची ठराविक लांबीची एक ओळ बाहेर पडते. संस्था ती ओळ जपते, मूळ शब्द ठेवत नाही. उद्या तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळला जातो आणि नवे पीठ जुन्या पिठाशी ताडून पाहिले जाते. जुळले की दार उघडते. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही, तसेच हे. चोराच्या हाती यादी लागलीच तर त्याला पीठ मिळावे, गहू मिळू नये, अशी ही योजना आहे.

दळलेच नाही तर काय होते, तेही पाहा. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. त्यात सर्वांत जास्त वापरलेला पासवर्ड निघाला '१२३४५६', आणि तो ठेवणारे लोक होते सुमारे २ लाख ९० हजार. ती यादी जगभर पसरली. आजही पासवर्ड फोडायला बसणारे पहिला हात त्या यादीला घालतात. म्हणजे एका कंपनीच्या निष्काळजीपणाने चोरांना कायमचे बियाणे मिळाले.

चोर दाराशी बसत नाही

तुम्ही म्हणाल, पासवर्ड तीनदा चुकला की खाते बंद पडते, मग भीती कसली? एटीएमचा पिन पाहा. चारच आकडे, एकूण दहा हजार शक्यता. तरी तो चालतो, कारण चुकांची मोजणी करायला यंत्र हजर असते. पण पिठाची यादीच चोरीला गेली की मोजणारा कुणी उरत नाही. चोर यादी घरी नेतो, आपल्या गिरणीवर एकेक वाण दळून पाहतो: लोकवन, बन्सी, खपली, शरबती. ज्याचे पीठ यादीतल्या पिठाशी जुळेल, तो तुमचा गहू. त्याला कुणी अडवत नाही, की कुणाला त्याचा पत्ता लागत नाही.

कचेरीतले चार-सहा संगणक एका जाळ्यात जोडलेले असतात, तिथेही असेच घडते. जाळ्यात शिरताना बहुतेक वेळा पासवर्ड तारेवरून जात नाही. मुख्य संगणक एक आकडा पाठवतो, तुमचा संगणक त्या आकड्यात पासवर्डचे पीठ मिसळून उत्तर परत पाठवतो. मधे कुणी कान लावून बसला असेल तर त्याला आकडा आणि उत्तर दोन्ही टिपता येतात. तेवढे घेऊन तो घरी जातो आणि पुन्हा तेच दळण सुरू. म्हणून गिरणी कोणती आणि कशी, यावर सगळे येऊन थांबते.

चिमूटभर मीठ

या दुखण्यावरचा उतारा आजचा नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांनी प्रत्यक्ष वापरलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड किंवा सहज ओळखता येण्याजोगे निघाले. तेव्हा माणूस पासवर्ड सोपा ठेवतो हे पंचेचाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते, आणि ते संगणकाच्या जाणकारांच्या जगात. मग बिचाऱ्या गटसचिवालाच काय म्हणून बोल लावायचा?

त्या दोघांनी माणसाला नुसती शिस्त शिकवली नाही, गिरणी सुधारली. पहिला उपाय, गिरणी मुद्दाम हळू करायची. दुसरा उपाय, प्रत्येकाच्या दळणात निराळी चिमूट टाकायची. तिला त्यांनी नावच 'सॉल्ट', म्हणजे मीठ, असे दिले. त्यांच्या यंत्रणेत अशा ४,०९६ प्रकारच्या चिमटी होत्या. मीठ कोणते हे यादीत शेजारीच लिहिलेले असते, ते गुपित नसते. मग उपयोग काय? दोन आहेत. एक, दोघांचा पासवर्ड एकच असला तरी मीठ वेगळे म्हणून पीठ वेगळे दिसते. एकाचा फुटला म्हणून दुसऱ्याचा आपोआप फुटत नाही. दोन, चोराला आधीच सगळ्या वाणांचे पीठ करून कोठारात साठवता येत नाही. प्रत्येक माणसासाठी त्याला सगळे दळण नव्याने काढावे लागते.

उपाय साधा, खर्च जवळजवळ शून्य. तो सगळीकडे लागू झाला असेल असे कुणालाही वाटेल. तसे झाले नाही.

मोठे कुलूप कापून दोन लहान केली

१९८० च्या दशकात कचेऱ्यांमधले संगणक जोडण्यासाठी 'लॅन मॅनेजर' नावाची यंत्रणा आली. तिची पासवर्ड दळण्याची पद्धत 'एलएम हॅश' म्हणून ओळखली जाते, आणि ती पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये बरीच वर्षे राहिली. ही गिरणी कशी होती ते वाचा.

पासवर्ड जास्तीत जास्त चौदा अक्षरांचा. तुम्ही लहान-मोठी इंग्रजी अक्षरे कितीही विचारपूर्वक मिसळा, दळण्याआधी ती सगळी मोठी केली जात. मग त्या चौदा अक्षरांचे सात-सातचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा दळला जाई. मीठ अजिबात नाही.

तुकडे केल्याने काय बिघडते? प्रवासी बॅगेचे आकड्यांचे कुलूप डोळ्यांपुढे आणा. सहा आकड्यांचे कुलूप उघडायला जास्तीत जास्त दहा लाख वेळा फिरवावे लागेल. त्याच सहा आकड्यांची तीन-तीनची दोन कुलुपे केली, तर एकाला हजार आणि दुसऱ्याला हजार, मिळून दोन हजारांत काम झाले. एलएमचे असेच झाले. इंग्रजीतली लहान-मोठी मिळून ५२ अक्षरे. नुसती अक्षरे वापरली तरी सात जागांसाठी १ लाख २ हजार कोटींहून जास्त शक्यता होतात, आणि चौदा जागांसाठी त्या संख्येला त्याच संख्येने गुणावे लागते. एलएमच्या गिरणीतून गेल्यावर उरतात प्रत्येक तुकड्यामागे ८०३ कोटी. माणसाला हा आकडा मोठा वाटेल, पण संगणकाला ती न्याहारी आहे. शिवाय पासवर्ड सात अक्षरांचा किंवा त्याहून आखूड असला की दुसरा तुकडा रिकामा राही, आणि रिकाम्या तुकड्याचे पीठ नेहमी एकच. म्हणजे यादीवर नजर टाकताच कुणाचा पासवर्ड आखूड हे दिसायचे.

ज्याने मनापासून चौदा अक्षरांचा अवघड पासवर्ड ठेवला, त्याचे कष्ट गिरणीनेच मातीत घातले. यात त्या माणसाची काय चूक?

१९९७ साली अमेरिकेतील लॉफ्ट नावाच्या गटाने हे पासवर्ड फोडणारे साधनच बाजारात आणले. २००३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधक फिलिप ओक्सलिन यांनी १.४ जीबीचे एक कोठार तयार केले. विंडोजचे अक्षर-आकडी पासवर्ड त्या कोठाराच्या आधारे ते सरासरी १३.६ सेकंदांत ओळखू लागले, आणि शंभरातले ९९.९ ओळखू लागले. मीठ असते तर असले कोठार करताच आले नसते. असे असूनही एलएमचे पीठ साठवणे आपोआप बंद झाले ते २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून. इतका उशीर का? जुन्या यंत्रांशी जमवून घ्यायचे म्हणून. कचेरीत एक जुनापुराणा संगणक असतो, त्याला नवी पद्धत झेपत नाही, म्हणून सगळ्यांनी जुन्यावरच चालायचे. लंगड्या बैलाच्या चालीने अख्खी बैलजोडी चालवावी, तसा हा प्रकार.

नवी गिरणीही फार वेगाची

एलएमच्या जागी एनटीएलएम आली. तिने तुकडे करणे सोडले, लहान-मोठे अक्षर ओळखायला सुरुवात केली. पण मीठ याही गिरणीत नाही, आणि ती फार वेगाने दळते. वेग हा इथे दुर्गुण आहे. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्लो येथील परिषदेत जेरेमी गोस्नी या अमेरिकी तज्ज्ञाने संगणकावरच्या खेळांसाठी वापरली जाणारी २५ ग्राफिक्स कार्डे जोडून बनवलेले यंत्र दाखवले. ते एनटीएलएमच्या पिठावर सेकंदाला सुमारे ३५ हजार कोटी अंदाज करून पाहत होते. आठ अक्षरांचा कोणताही पासवर्ड, मग त्यात चिन्हे असोत की आकडे, साडेपाच तासांत. एलएमचा चौदा अक्षरी पासवर्ड सहा मिनिटांत.

त्याच यंत्राला 'बीक्रिप्ट' नावाच्या हळू गिरणीचे पीठ दिले तेव्हा त्याला सेकंदाला ७१ हजारच अंदाज करता आले. हिशेब काढा, फरक जवळजवळ ४९ लाख पटींचा आहे. चोर तोच, यंत्र तेच, पासवर्डही तोच धरा. फरक फक्त संस्थेने कोणती गिरणी निवडली याचा. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा नको.

एनटीएलएमचे आणखी एक दुखणे आहे. तिच्या जाळ्यात दार उघडायला गहू लागतच नाही, पिठावरही भागते. चोराने एका संगणकातून पीठ उचलले की तो पासवर्ड न फोडताही तेच पीठ दाखवून दुसऱ्या संगणकात शिरू शकतो. ही गोष्ट १९९७ पासून माहीत आहे. एखाद्या कचेरीत सगळ्या संगणकांना दुरुस्तीवाल्याने सोयीसाठी एकच मुख्य पासवर्ड दिलेला असतो. तिथे एक संगणक गेला की सगळे गेले. अखेर जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीएलएम निवृत्तीच्या वाटेला लावल्याचे जाहीर केले. पण कंपनीने जाहीर केले म्हणून आपल्या टेबलावरचा संगणक आपोआप सुधारत नाही. ते कुणीतरी करावे लागते.

बीजप्रक्रिया माहीत आहे, पण केली नाही

कुणी म्हणेल, जुनी यंत्रणा होती, चुकली. मग हे पाहा. जून २०१२ मध्ये लिंक्डइन या नामांकित अमेरिकी कंपनीच्या सदस्यांच्या पासवर्डांचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर पडले. ते शा-१ नावाच्या वेगवान गिरणीतून काढलेले होते, आणि त्यात मीठ नव्हते. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी मीठ सांगितल्याला तेव्हा ३३ वर्षे झाली होती. मे २०१६ मध्ये कळले की चोरी ६५ लाखांची नव्हती. ११ कोटी ७० लाख ईमेल आणि त्यांचे पासवर्ड विक्रीला आले होते. त्यातही पहिला नंबर '१२३४५६' चाच, साडेसात लाखांहून अधिक जणांचा. चोरी करणाऱ्या रशियन इसमाला २०२० साली अमेरिकेच्या न्यायालयाने सात वर्षे चार महिन्यांची शिक्षा दिली. चोराला शिक्षा झाली हे योग्यच. पण मीठ न टाकणाऱ्याचे काय, हा प्रश्न राहतोच.

आमच्या खात्यात बीजप्रक्रियेची मोहीम दरवर्षी निघते. पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक चोळायचे, जिवाणूसंवर्धक लावायचे. खर्च एकरी किरकोळ. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सगळे करत नाहीत, कारण न केल्याचे लगेच दिसत नाही. मर लागल्यावर मात्र पुडा फोडून उपयोग नसतो. मिठाचे आणि हळू गिरणीचे तसेच आहे. यादी चोरीला जाण्याआधी ते केलेले असले पाहिजे. चोरी झाल्यावर "आता आम्ही सुधारणा केली" हे निवेदन म्हणजे मर लागलेल्या तुरीवर केलेली फवारणी.

हळू दळणारी गिरणी नवलाईची नाही. बीक्रिप्ट १९९९ पासून आहे. २०१५ साली जगभरातल्या तज्ज्ञांच्या स्पर्धेत 'अर्गॉन-२' निवडली गेली. या गिरण्या जात्यासारख्या. सभासदाला आत शिरताना निमिषभर थांबावे लागते, ते त्याला जाणवतही नाही. पण चोराला कोट्यवधी वेळा दळायचे असते, त्याचा प्रत्येक फेरा तेवढाच हळू होतो. विजेच्या गिरणीवर त्याचे जे काम तासात उरकते, ते जात्यावर जन्मात उरकत नाही. वर या गिरण्या फुकट मिळतात. त्या न वापरण्याला पैशाची सबब नाही.

ग्रामपंचायतीचा वाय-फाय

आता घराजवळचे उदाहरण घेऊ. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट पोचवण्याचे काम सुरू झाले. पंचायतीत, सोसायटीत, दूध डेअरीत वाय-फाय दिसू लागला. घरगुती आणि लहान कचेरीच्या वाय-फायची नेहमीची पद्धत, डब्ल्यूपीए-२, तशी बरी आहे. ती पासवर्ड ४,०९६ फेऱ्यांनी दळते आणि त्यात वाय-फायचे नाव मिठासारखे मिसळते. त्यामुळे यंत्राबरोबर आलेले नाव तसेच ठेवले, तर हजारो ठिकाणी मीठ एकच होते. नाव बदलून घेणे हा फुकटचा उपाय आहे.

पण पासवर्ड काय असतो? पुष्कळ ठिकाणी कुणाचा तरी मोबाईल नंबर. आपल्याकडचा मोबाईल नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा सहा, सात, आठ किंवा नऊ. म्हणजे शक्यता चारशे कोटी. आजचे एक महागडे ग्राफिक्स कार्ड या पद्धतीवर सेकंदाला दहा लाख अंदाज सहज करते. चारशे कोटींना चार हजार सेकंद, तासाभराहून जरा जास्त. आणि तो नंबर पंचायतीच्या फलकावरच रंगवलेला असला तर तेवढेही नको!

"आमच्या गावात कोण येतंय?"

हा प्रश्न हमखास येतो. त्याला माझे उत्तर असे. या धंद्यातला चोर गाव निवडत नाही. त्याची यंत्रे आपोआप सगळीकडे चाचपत फिरतात, जिथे दार ढिले तिथे शिरतात. लष्करी अळी काही शेतकऱ्याचे नाव विचारून शिवारात उतरत नाही. दुसरे असे की, एका ठिकाणचा फुटलेला पासवर्ड बँकेत, ईमेलमध्ये, सगळीकडे लावून पाहिला जातो, कारण आपण एकच पासवर्ड चार ठिकाणी ठेवतो.

दुसरा प्रश्न: "हे कंपनीनं बघावं, आम्हाला त्यातलं काय कळतं?" अहो, खत कसे बनते हे तरी आपल्याला कुठे कळते? तरी आपण पोत्यावर १०:२६:२६ वाचतो, बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर आणि मुदत पाहतो, पक्की पावती मागतो. उगवण झाली नाही तर त्याच पावतीवर तक्रार होते. संगणकाची यंत्रणा घेतानाही पोत्यावरचे वाचायला काय हरकत आहे? मी कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर वा सोसायटीच्या यंत्रणेवर आरोप करीत नाही. विचारणे हा आपला हक्क आहे, आणि लेखी उत्तर देणे हे पुरवठादाराचे काम, एवढेच म्हणणे आहे.

ग्रामपंचायत, सोसायटी, पतसंस्था, शेतकरी कंपनी, कुणीही असो, यंत्रणा घेताना किंवा देखभालीचा करार वाढवताना पुढील पाच प्रश्न लेखी विचारावेत.

१) सभासदांचे आणि कर्मचाऱ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे ठेवता की हॅश करून? याची एक चाचणी कुणालाही करता येते. 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबल्यावर तुमचा जुनाच पासवर्ड मेसेजमध्ये आला, तर तो दळलेला नाही असे खुशाल समजावे. चांगली यंत्रणा जुना सांगूच शकत नाही, ती नवा करायला लावते.

२) प्रत्येक खात्याला वेगळे मीठ आहे काय?

३) गिरणी कोणती? उत्तर एमडी-५ किंवा नुसती शा-१ असे आले तर ती यंत्रणा नको. बीक्रिप्ट, एसक्रिप्ट, अर्गॉन-२ किंवा पुरेशा फेऱ्यांची पीबीकेडीएफ-२ असे आले तर ठीक.

४) कचेरीच्या जाळ्यात एलएम आणि एनटीएलएमची पहिली आवृत्ती बंद केली आहे काय? कोणत्या जुन्या संगणकामुळे ती चालू ठेवावी लागते, आणि तो कधी बदलणार? प्रत्येक संगणकाचा मुख्य पासवर्ड वेगळा आहे काय?

५) यादी चोरीला गेली तर सभासदांना कोण, कधी, कशाने कळवणार? २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवायची असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे राखण संस्थेची, हे आता कायदाही म्हणतो.

आपल्या बाजूचे काम

राखण संस्थेची म्हणून आपण मोकळे झालो असे नाही. '१२३४५६' हा पासवर्ड कितीही हळू गिरणीत घाला, चोर पहिल्याच घासात तो ओळखणार. गिरणी उत्तम असली तरी गव्हात दाणा तरी हवा. म्हणून पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले तरी तो लांबही होतो आणि लक्षातही राहतो. गावाचे नाव, मुलाचे नाव, जन्मसाल आणि मोबाईल नंबर टाळा. बँकेचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. चार कर्मचाऱ्यांनी मिळून एक पासवर्ड वापरू नये. उद्या नोंद चुकली तर कुणी केली हे कळत नाही आणि निरपराध माणूस अडकतो.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्तीही शहाणपणाची नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ सालीच ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नका असे सांगितले. माणूस शेवटचा आकडा एकने वाढवतो, दुसरे काही करत नाही. पासवर्ड बाहेर फुटल्याचा संशय आला तर मात्र त्याच दिवशी बदला. आणि ओटीपी फोनवर कुणाला सांगितला, तर वरची सगळी गिरणी फुकट गेली. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. जेवणाची आणि लाभांशाची चर्चा जरूर करा, पण त्याच सभेत हे पाच प्रश्न मांडा, ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि उत्तरासाठी मुदत ठरवा. ग्रामसेवक आणि तलाठी मित्रांनी, पदांची नवी नावे काहीही असोत, आपापल्या कचेरीतला सर्वांत जुना संगणक कोणता आणि तो जाळ्याला का जोडलेला आहे, एवढे या आठवड्यात तपासावे. पुरवठादार "काळजी करू नका, सगळं सेफ आहे" असे म्हणेल. त्याला नम्रपणे सांगावे, तेच कागदावर लिहून सही करून द्या. सही करायला तो कचरला, तर आपल्याला उत्तर मिळाले असे समजावे.